सुनसान गावातला क्राइम ड्रामा: धास्ती कशी बांधायची, कुठल्या क्रमाने, आणि लोक नेमकं कुठे चुकतात

आडजागेवर घडणाऱ्या क्राइम ड्रामाच्या स्क्रिप्ट्स मी बऱ्याच वाचल्यात आणि जवळजवळ प्रत्येकीत तीच चूक दिसते. पहिल्याच पानावर धुकं, पडकं घर, घुबड, एक विचित्र म्हातारा जो "इथून निघून जा" म्हणतो, आणि एवढं सगळं करूनही पन्नासाव्या पानापर्यंत वाचणाऱ्याच्या पोटात काही गोळा येत नाही. जागा सजवलेली असते पण ती जागा चालते कशी ते लेखकाने ठरवलेलंच नसतं. इथे ओरडलं तर कोणाला ऐकू जाईल, त्याला यायला किती वेळ लागेल, आणि तो येणारा आपल्या बाजूचा असेल का, या तीन गोष्टी वाचणाऱ्याला नीट कळल्या की तो आपला आपण घाबरतो. खालचे सगळे टप्पे याच तीन प्रश्नांसाठी आहेत.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतो. एक बाई धरणाच्या पाण्याची पातळी मोजायच्या कामावर आलीय. राहायला धरणाच्या कडेचं घर. तिथे जायला एकच रस्ता, मध्ये ओढा, ओढ्यावर अरुंद पूल, पुलापलीकडे पाच घरांची वस्ती. अलीकडे, तिच्या घराच्या थोडं वर, एकच शेजारी. तिच्या आधी हे काम करणारा माणूस धरणात बुडून मेला आणि अपघात म्हणून फाईल बंद झाली. बस, एवढंच.

तयारी: लिहायच्या आधी कागदावर काय पाहिजे

एक साधा नकाशा काढा. चित्र चांगलं यायची गरज नाही, पण घर, शेजारी, पूल, वस्ती, पोलीस, दवाखाना, फोनची रेंज मिळते ती जागा, हे सगळं त्यावर हवं. मग प्रत्येक दोन ठिकाणांमधलं अंतर किलोमीटरमध्ये न लिहिता मिनिटांत लिहा, आणि तेही चार वेळा: दिवसा चालत, रात्री चालत, गाडीने, आणि पाऊस पडत असताना.

सपाट रस्त्यावर माणूस तासाला साधारण ५ किलोमीटर चालतो. तोच माणूस रात्री, खडकाळ वाटेवर, टॉर्च न लावता गेला तर निम्म्यापेक्षा कमी अंतर कापतो. म्हणजे पूल दीड किलोमीटरवर असेल तर दिवसा १८ मिनिटं आणि रात्री ४० किंवा जास्त. हा ४० चा आकडा म्हणजे तुमचा सगळ्यात महत्त्वाचा सीन आहे, फक्त तो अजून लिहिलेला नाही.

दुसरा कागद: या जागेचं रोजचं वेळापत्रक. पोस्टमन कुठल्या दिवशी येतो, शेजाऱ्याच्या घरातला दिवा किती वाजता बंद होतो, गुरं कुठल्या वाटेने परत येतात, आठवड्यातून एकदा येणारी बस किती वाजता वळते. सुनसान जागेत घटना इतक्या कमी असतात की तिथे राहणाऱ्याला प्रत्येक घटना पाठ होते, आणि म्हणूनच एखादी चुकली की लगेच टोचते. शहरात रात्री ११ वाजता गाडी थांबली तर कोणी मान वर करत नाही, इथे तीच गाडी म्हणजे अख्खा सीन.

चेक करा: नकाशा न बघता तुम्ही सांगू शकता का की स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय दिसतं आणि शेजाऱ्याचं दार दिसतं की नाही? सांगता येत नसेल तर अजून लिहायला बसू नका.

१. लोक इथे का राहतात ते आधी ठरवा

हे लोक चक्क विसरतात. कोणीही फक्त तुमच्या गोष्टीच्या सोयीसाठी अशा जागी राहत नाही. जमीन आहे, धरणाचं काम आहे, खाण आहे, जंगलखात्याची नोकरी आहे, किंवा कर्ज आहे म्हणून निघता येत नाही, काहीतरी खरं कारण पाहिजे, आणि ते कारण गुन्ह्याला कुठेतरी शिवलेलं पाहिजे. आपल्या उदाहरणात पाण्याची पातळी मोजणं हे काम आहे, मग गुन्हा पाण्याच्या नोंदीतूनच निघू दे. कोणीतरी रात्री पाणी सोडतंय किंवा उपसतंय आणि आधीच्या माणसाच्या वहीत ते दिसत होतं. एवढं जुळलं की ती जागा बदलून दुसरीकडे नेताच येणार नाही, आणि तेच आपल्याला हवंय.

२. फोनचा प्रश्न लवकर उरका

आजच्या काळातली गोष्ट असेल तर प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांतच मनात विचारतो, "अरे फोन कर ना." त्याचं उत्तर क्लायमॅक्सला देऊ नका. तिथे पहिल्यांदा "रेंज नाहीये" असं म्हटलं की माणूस टीव्ही बंद करतो.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे रेंज पूर्ण काढून न टाकता ती एका जागी ठेवणं. समजा पुलाच्या अलीकडच्या टेकाडावर रेंज मिळते. पहिल्याच दिवशी शेजारी तिला ती जागा दाखवतो, ती रोज संध्याकाळी तिथे जाऊन घरी बोलते. आता प्रेक्षकाला बरं वाटतं, सोय आहे. मग चाळीस मिनिटांनी त्याच्या लक्षात येतं की ती रोज संध्याकाळी एकटी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी असते आणि हे शेजाऱ्याला माहितीय. तुम्ही काहीच केलं नाही, फक्त सोय आधी दाखवली.

थोडी तांत्रिक माहिती जी लोक चुकवतात. कमी रेंजमध्ये कॉल तुटतो पण मेसेज कधीकधी जातो, त्यामुळे "काहीच करता येईना" हे लगेच खरं वाटत नाही. रेंज शोधत राहिल्याने फोनची बॅटरी लवकर उतरते, हे वापरता येतं. इमर्जन्सी नंबर बहुतेक ठिकाणी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही लागतो, म्हणून "माझ्या कंपनीची रेंज नाही" एवढं कारण पुरत नाही, तिथे कुठलाच टॉवर पोचत नाही असं भूगोलातून दिसलं पाहिजे, मध्ये डोंगर आहे वगैरे. आणि टॉवरला बॅटरी बॅकअप असला तरी तो काही तासच चालतो. म्हणजे संध्याकाळी लाइट गेली तर रेंज लगेच जात नाही, मध्यरात्रीनंतर जाते. ती टेकाडावर पोचते तेव्हा काल होती ती रेंज आज नाही, आणि हे पूर्णपणे पटतं.

सावधान: पाऊस, लाइट जाणं, फोन बंद, गाडी पंक्चर, हे सगळं एकाच रात्री घडवू नका. अख्ख्या गोष्टीत एक योगायोग पुरे. बाकीच्या अडचणी एकतर कोणीतरी मुद्दाम केलेल्या असू देत किंवा तिच्या स्वतःच्या निर्णयामुळे आलेल्या.

३. उपकारांची यादी करा

या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा, कारण आडजागेची खरी धास्ती इथे तयार होते. अशा ठिकाणी एकट्याने राहताच येत नाही. पंप बिघडतो, रस्ता खचतो, गॅस संपतो, आणि प्रत्येक वेळी कोणाचीतरी मदत घ्यावीच लागते. म्हणजे माणसं एकमेकांना बांधलेली असतात, आवडत असोत नसोत.

तर शेजाऱ्याने तिच्यासाठी काय काय केलं त्याची यादी लिहा. घराची जादा किल्ली त्याच्याकडे आहे कारण आधीपासून त्याच्याचकडे असते. जनरेटरचं डिझेल तो आणून देतो. तिची गाडी सुरू होत नव्हती तेव्हा त्याने दुरुस्त केली. पूल कधी बंद असतो ते तोच सांगतो. वस्तीतल्या लोकांशी ओळख त्यानेच करून दिली. रात्री काही लागलं तर हाक मार म्हणाला. प्रत्येक गोष्ट साध्या, उबदार सीनमध्ये दाखवा, संगीत न लावता, त्याला डोळे बारीक करायला न लावता. तो खरंच चांगला वाटला पाहिजे, आणि माझं मत असं की तो काही अंशी खरंच चांगला असावा.

मग एके दिवशी तिला जुन्या वहीची फाटलेली पानं मिळतात आणि त्यावर शेजाऱ्याचं अक्षर असतं. त्या क्षणी तुम्हाला एकही नवीन भीतीदायक गोष्ट दाखवायची गरज नाही. किल्ली, डिझेल, गाडी, पूल, ओळखी, प्रत्येक उपकार उलटा होतो, आणि प्रेक्षक ती यादी स्वतःच्या मनात मोजतो. तिने गाडीकडे नुसतं बघितलं तरी काम होतं.

चेक करा: यादीतली प्रत्येक गोष्ट शंका यायच्या आधी पडद्यावर आलीय ना? एखादी नंतर घुसवली असेल तर ती काढा, ती फसवणूक वाटते.

४. कोणाला काय माहितीय आणि कोण का गप्प आहे

शहरात खुनी गर्दीत मिसळतो. गावात मिसळायला गर्दीच नाही, अनोळखी माणूस एक किलोमीटरवरून ओळखू येतो, म्हणून तुमच्या गुन्हेगाराला तिथे असायला रोजचं, कंटाळवाणं कारण पाहिजे. आणि कोणीतरी बघितलेलं असणारच. मग प्रश्न "कोणी बघितलं का" असा न राहता "बघितलेला बोलत का नाही" असा होतो.

पाचही घरांसाठी एक एक ओळ लिहा: यांनी काय बघितलं आणि बोलल्यास यांचं काय जाईल. कोणाचं शेत त्याच चोरलेल्या पाण्यावर आहे. कोणाचा मुलगा शेजाऱ्याकडे कामाला आहे. एका म्हातारीने त्या रात्री टॉर्च बघितला पण तिला कोणी विचारलंच नाही. अशी गप्प माणसं एकदम खरी वाटतात.

सावधान: गावातल्या लोकांना अडाणी, विकृत, अंधश्रद्धाळू टोळी करून टाकू नका. हे मी कळकळीने सांगतोय. एकतर ते खोटं आहे आणि अपमानकारक आहे, आणि दुसरं म्हणजे त्याने भीती कमी होते, कारण सगळेच विचित्र असले की प्रेक्षक कोणावरच विश्वास ठेवत नाही आणि मग विश्वास तुटायचा धक्का बसतच नाही.

५. उजेड: चंद्र कुठल्या तिथीचा ते ठरवा

"काळोखी रात्र" असं लिहून मोकळं होऊ नका. पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो आणि नंतर रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा. म्हणजे पौर्णिमेनंतरच्या चौथ्या रात्री, अंधार पडल्यावर तीनेक तास मिट्ट काळोख आणि मग हळूहळू उजेड. हे केवढं उपयोगी आहे बघा: ती काळोखात लपून निघते, तिला वाटतं अजून बराच वेळ आहे, आणि पुलाच्या मध्यावर असताना टेकडीमागून चंद्र वर येतो. तिला रस्ता दिसायला लागतो आणि तीही दिसायला लागते. उलट शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो, तेव्हा उजेडाकडून काळोखाकडे जाणारी रात्र मिळते.

डोळे काळोखाला पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि पांढऱ्या टॉर्चचा एक झोत ते सगळं घालवतो. त्यामुळे टॉर्च लावायचा की नाही हा अशा जागी खरा निर्णय आहे, लावला तर पायाखालचं दिसेल पण त्यापलीकडचं सगळं नाहीसं होईल आणि मैलभर लांबून तुम्ही दिसाल.

गाडीचे हेडलाइटही तसेच. वळणाच्या रस्त्यावर गाडी येत असेल तर दिवे खूप आधी दिसतात, वळणाआड जातात, परत दिसतात, इंजिनाचा आवाज नंतर येतो. म्हणजे कोणीतरी येतंय हे पाच मिनिटं आधी कळतं आणि कोण ते कळत नाही. आणि मग शेवटच्या वळणानंतर दिवे परत दिसतच नाहीत.

६. आवाज: संगीताच्या आधी हे लिहा

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १ किलोमीटरला ३ सेकंद. धरणाच्या पलीकडच्या काठावर, २ किलोमीटरवर, बंदुकीचा चमकारा दिसला तर आवाज यायला ६ सेकंद. हे सहा सेकंद शांत ठेवा. एडिटिंगमध्ये चमकारा आणि आवाज एकत्र लावणं ही इतकी सर्रास होणारी चूक आहे की बघवत नाही.

शांत, निरभ्र रात्री जमिनीजवळची हवा थंड आणि वरची गरम असते, त्यामुळे आवाज खाली वळतो आणि दिवसापेक्षा लांबपर्यंत ऐकू येतो, पाण्यावरून तर आणखीच. पलीकडच्या काठावरचं बोलणं ऐकू येणं शक्य आहे, शब्द कळत नाहीत पण आवाज ओळखीचा आहे हे कळतं. वाऱ्याच्या दिशेला आवाज जातो, उलट दिशेला मरतो, म्हणून ओरडण्याआधी वारा कुठून येतोय हे तिला माहीत असलं तर ती हुशार वाटते. दरीत प्रतिध्वनीमुळे दिशा चुकते.

आणि रातकिडे. माणूस जवळ आला की जवळपासचे रातकिडे थांबतात. पण ही ट्रिक चालायची असेल तर आधीच्या तीन-चार रात्रींच्या सीनमध्ये ते सतत ऐकू आले पाहिजेत, नाहीतर थांबलेलं कळणार कोणाला? कुत्र्याचंही तेच, भुंकणाऱ्या कुत्र्यापेक्षा ओळखीच्या माणसाला बघून गप्प राहिलेला कुत्रा जास्त सांगतो.

चेक करा: शूट करणार असाल तर प्रत्येक लोकेशनवर संध्याकाळी, मध्यरात्री आणि पहाटे, किमान १ मिनिटाचा नुसता तिथला आवाज, सगळ्यांना गप्प बसवून, रेकॉर्ड करून घ्या. नंतर साउंड लायब्ररीतले (तयार आवाजांच्या संग्रहातले) रातकिडे लावले की कानाला लगेच कळतं.

७. धोका वाढवायचा क्रम

आता घटना लावा. पहिल्या तीन घटनांना प्रत्येकी एक साधं, पटणारं कारण असलंच पाहिजे. फाटक उघडं राहिलं: वाऱ्याने असेल. नोंदवहीतलं पान नाही: जुनी वही आहे. दोरीवरचे कपडे आत आणून ठेवलेत: पाऊस येणार होता, शेजाऱ्याने आणले असतील. तिसरी बघा, तो उपकारही आहे आणि घरात कोणी येऊन गेल्याचा पुरावाही. चौथ्या घटनेला कारण मिळत नाही, तेव्हा आधीच्या तिन्ही परत आठवतात.

यानंतर एक एक सोय काढून घ्या, लहानापासून मोठ्याकडे. आधी दिनक्रम बिघडवा, मग माणूस काढा (पोस्टमन रजेवर), मग वाहन, मग फोन, आणि पूल सगळ्यात शेवटी. पूल आधी तोडला की पुढे चढायला पायरीच उरत नाही, आणि प्रत्येकजण तो आधी तोडतो कारण दृश्य भारी दिसतं. माझ्या स्वतःच्या एका स्क्रिप्टमध्ये मी पूल तिसाव्या पानावर वाहून नेला होता, पुढची साठ पानं फक्त पळापळ झाली आणि शेवटी सगळं पुन्हा लिहायला लागलं.

आणि तिला मूर्ख करू नका. प्रत्येक पायरीवर ती जे करेल ते त्या क्षणी शहाणपणाचं वाटलं पाहिजे. "निघून का जात नाही" याचं उत्तर दर वेळी वेगळं आणि खरं हवं: आधी नोकरी, मग कुतूहल, मग त्या मेलेल्या माणसाबद्दल वाटणारी जबाबदारी, आणि ती खरोखर निघायचं ठरवते तेव्हा उशीर झालेला असतो.

८. तपास आणि मृतदेह

पोलीस यायला वेळ लागतो हे सगळे लिहितात, पण त्या वेळात पुराव्याचं काय होतं ते लिहीत नाहीत. पाऊस पावलं धुऊन नेतो, गुरं वाटेवरून चालून जातात, मदतीला आलेले लोक सगळं तुडवतात, आणि हे कोणी वाईट हेतूने करत नाही.

मृत्यूनंतर शरीर ताठरायला साधारण २ ते ६ तासांत सुरुवात होते, १२ तासांच्या आसपास पूर्ण ताठरतं आणि दीड-दोन दिवसांत परत सैल पडतं, थंडीत हे सगळं उशिरा होतं. पाण्यातलं शरीर सहसा आधी बुडतं आणि आत वायू तयार झाले की वर येतं, पाणी गरम असेल तर काही दिवसांत, खूप थंड असेल तर आठवडेही लागतात. म्हणजे धरणात सापडलेल्या माणसाची मृत्यूची वेळ छातीठोकपणे सांगणं अवघड, आणि आपल्या गोष्टीत फाईल अपघात म्हणून का बंद झाली याचं उत्तर इथेच आहे. "रात्री ११ वाजून २० मिनिटांनी मृत्यू" असं म्हणणारा डॉक्टर लिहू नका.

तपास करणारा त्याच भागातला असेल तर उत्तम. त्यालाही उद्या त्याच रस्त्याने जायचंय, त्याच लोकांत राहायचंय.

९. कॅमेरा

थोडक्यात. ड्रोन शॉट सुरुवातीला एकदाच, भूगोल कळण्यासाठी, नंतर नको, कारण वरून सगळं मोकळं दिसलं की प्रेक्षक निर्धास्त होतो. माणूस लहान आणि जमीन मोठी असा शॉट दिवसाउजेडी घ्या आणि वाटतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ धरून ठेवा, नजर आपोआप कडेला काही हलतंय का ते शोधायला लागते. निम्मी धास्ती दिवसा घडवा.

१०. शेवटची तपासणी

पहिला ड्राफ्ट झाला की ज्याने नकाशा बघितलेला नाही अशा एकाला वाचायला द्या. वाचून झाल्यावर त्याचं मत विचारू नका. त्याच्या हातात कोरा कागद द्या आणि ती जागा काढायला सांगा: घर, शेजारी, टेकाड, पूल, वस्ती, आणि प्रत्येकाला जायला किती वेळ लागतो तेही लिहायला लावा. मग तुमचा नकाशा बाजूला ठेवा. त्याने टेकाड पुलापलीकडे काढलं असेल तर दुसरा टप्पा परत लिहायचाय. शेजाऱ्याचं घर काढायलाच विसरला असेल तर तिसरा.